सतराव्या मैलाला चपला काढणारे आजोबा

त्या दिवशी सकाळी गच्चीवर कोण कोण होतं ते आधी सांगते, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की कोंडाबाई म्हातारपणी काहीबाही रचून सांगते. साहेब होते, ऑफिसच्या कपड्यात. वहिनी होत्या, हाताला कणीक तशीच. त्यांची मुलगी शुभा होती, तेव्हा बारा वर्षांची, शाळेचा गणवेश घालून. वरच्या मजल्यावरच्या माशीमा होत्या, म्हणजे आमच्या बंगाली घरमालकीणबाई. मी होते, त्या घरची स्वयंपाकीण. आणि साहेबांचे वडील होते. त्यांना सगळे आजोबा म्हणायचे म्हणून मीपण आजोबाच म्हणायचे. कलकत्त्यातलं डमडम, आणि साल आपल्याकडच्या बहात्तरच्या दुष्काळाचं.

आता त्या माणसाचं सांगते. देवाने धरती केली तेव्हा शेजारी टेप घेऊन कुणी उभं असेल, तर ते आमचे आजोबाच असणार. नगर जिल्ह्यातला एक खेड्यापाड्यातला रस्ता, हिंगणवाडी स्टेशनापासून निघतो आणि शेहेचाळीस मैलांवर गोदावरीला जाऊन थांबतो. तिकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. तो अख्खा रस्ता आजोबांना पाठ होता. बाईला अंधारात हात घातला तरी मिठाचा डबा कुठे, हळदीचा कुठे ते कळतं ना, तसा. कुठल्या मैलाला कुठलं झाड, कुठल्या मोरीला किती तोंडं, कुठल्या वळणावर बैल बुजतात, सगळं. चौतीस वर्षं त्या एकाच रस्त्यावर त्यांनी बांधकाम खात्यात नोकरी केली. मैलकुली म्हणून लागले, म्हणजे एका मैलाचे खड्डे बुजवणारा गडी, आणि मिस्त्री होऊन रिटायर झाले. मी शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण देवळातले शास्त्री पाहिले, मोठे डॉक्टर पाहिले, खिदिरपूरच्या गोदीतले गोरे कप्तान पाहिले. एवढं सगळं डोक्यात घेऊन फिरणारा माणूस मी एकच पाहिला.

मी त्या घरात कशी आले तेही सांगून टाकते. आमचे हे खिदिरपूरला गोदीत हमाल होते. तापाने गेले. मग मी मराठी लोकांच्या घरी स्वयंपाक करायला लागले. बदलीची माणसं यायची, तीन वर्षं राहायची, जाताना पुढच्याला सांगून जायची, 'कोंडाबाईंना ठेवा, पुरणपोळी चांगली करतात.' असं करत करत मी या घरी आले. मला त्या घरात काही कमी नव्हतं. एकच गोष्ट माझ्या पोटात होती, ती मी कुणाला बोलले नव्हते. माझी लेक कुठे आहे ते मला जाणून घ्यायचं होतं. ती इंग्रजाच्या राज्यातल्या दुष्काळात गेली होती, आणि मी तिला एका रस्त्याच्या कडेला ठेवून आले होते. ते पुढे येईल. आधी आजोबा.

वहिनींच्या सासूबाई वारल्यावर साहेबांनी वडिलांना कलकत्त्याला आणलं. हावडा स्टेशनवर मीपण गेले होते, डबा घेऊन. हमालाने वळकटी उचलली आणि परत खाली ठेवली. म्हणाला, "बाबू, इसमें क्या पत्थर रखा है?"

आजोबा म्हणाले, "हां. पत्थरच है."

साहेबांना वाटलं वडील चेष्टा करतात. घरी येऊन वळकटी सोडली तर गोधडीत गुंडाळलेला खरोखरचा दगड! गुडघ्याएवढा, वरून गोल केलेला, चुना लावलेला. रस्त्यावरचे मैलाचे दगड उपटून किलोमीटरचे लावले, तेव्हा खात्याने जुने दगड नाल्यात टाकून दिले होते. त्यातला हा शून्याचा, जिथून रस्ता सुरू होतो तिथला. वहिनी बिचाऱ्या बघतच राहिल्या. म्हणाल्या, "मामंजी, धोतरं किती आणलीत?" तर दोन. दगडाला जागा व्हावी म्हणून बाकीची धोतरं गावी ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी आजोबा टेप घेऊन गच्चीवर गेले आणि अर्ध्या तासाने असे उतरले की जसं काही पोरीचं लग्न ठरलं. पाण्याच्या टाकीपासून कपडे वाळत घालायच्या खांबापर्यंत जाऊन परत यायचं म्हणजे बरोबर सहासष्ट फूट. रस्ता मोजायची जी लोखंडी साखळी असायची ती नेमकी तेवढीच लांब. दहा साखळ्यांचा एक फर्लांग आणि आठ फर्लांगांचा मैल. साहेबांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "शाबास! घर घेताना बघून घेतलंस होय रे?" साहेबांनी घर कसं घेतलं ते मला माहीत होतं. भाडं परवडलं म्हणून घेतलं. पण ते "हो" म्हणाले.

झालं. शून्याचा दगड टाकीपाशी बसला आणि दुसऱ्या दिवसापासून आजोबांचा रस्ता सुरू झाला. रोज सकाळी एक मैल, म्हणजे ऐंशी फेऱ्या. कोटाच्या एका खिशात दहा चिंचोके, एक फेरी झाली की एक चिंचोका दुसऱ्या खिशात. शेहेचाळीस दिवसांत गंगा, मग शेहेचाळीस दिवस परत. आणि नुसतं चालणं नाही. जो मैल असेल तो मैलच व्हायचा त्या गच्चीवर. नवव्या मैलाला दोन्ही बाजूंनी वडाची झाडं आहेत, तर त्या दिवशी डमडमचं ऊन टाळू जाळत असलं तरी आजोबा छत्री मिटवून चालायचे. बाविसाव्या मैलाला एकही झाड नाही, त्या दिवशी आभाळ भरून आलं तरी छत्री उघडी. चौदाव्या मैलाला भैरोबाची खिंड, तिथे चढ आहे, तर सपाट गच्चीवर पुढे वाकून धापा टाकत चालायचे. वहिनी जिन्यातून हाक मारायच्या, "मामंजी, पोहे निवतात!" वरून उत्तर यायचं, "अगं, खिंडीत आहे. मधेच कसा थांबू? मागून गाडी आली तर?"

माशीमांचं आणि त्यांचं पहिल्याच महिन्यात वाजलं. बंगाली बायका डाळ वाटून सांडगे घालतात, बोडी म्हणतात त्याला. माशीमांनी धोतराच्या फडक्यावर गच्चीभर बोडी घातल्या, त्या नेमक्या आजोबांच्या वाटेत.

"दादू, आपका रास्ता रोज हमारा बोडी के ऊपर से काहे जाता है?"

"माशीमा, रास्ता पुराना है. बोडी आज आया."

"छत हमारा है!"

"छत आपका. रास्ता सरकार का."

माशीमा तणतणत खाली गेल्या. पण दुसऱ्या दिवशी वर येऊन बघतात तर आजोबांनी बोडीच्या चारी बाजूंनी विटा मांडलेल्या, विटांना चुना फासलेला, दोन टोकांना काठीवर लाल फडकं लावलेलं, आणि स्वतः बाजूने वळसा घालून चाललेले. रस्त्याचं काम चालू असलं की असंच करतात म्हणे. एक कावळा बोडीकडे फिरकला नाही, त्या लाल फडक्यांमुळे. माशीमांनी त्या वर्षी पहिली वाटी आजोबांना पाठवली आणि पुढे बोडी घालायच्या आदल्या दिवशी विचारायच्या, "दादू, कल कौन सा मील है? हम किधर डालेगा?"

संध्याकाळी शुभाला जवळ घेऊन ते रस्त्याची गोष्ट सांगायचे. मी आत पोळ्या लाटता लाटता ऐकायचे. तो रस्ता आधी रस्ता नव्हताच म्हणे. वंजाऱ्यांचे बैल मिठाच्या गोण्या घेऊन जायचे, त्यांच्या खुरांनी पडलेली वाट होती. मग साहेबलोक आले, त्यांनी दुर्बीण लावून रेघ मारली. पण रेघ सरळ असते आणि रस्ता सरळ नसतो, त्याला माणसं आडवी येतात, असं आजोबा म्हणायचे. चौथ्या मैलाला चिंचोलीची एक म्हातारी चिंचेच्या झाडाला मिठी मारून तीन दिवस बसली, म्हणून तिथे रस्ता वळला. बाराव्या मैलाला एका गोऱ्या साहेबाचा घोडा पाय मोडून पडला, त्याने तिथेच तंबू ठोकला आणि मुक्काम बरा वाटला म्हणून रस्ताच तिकडून नेला. लढाईच्या वेळी लष्कराचे ट्रक गेले आणि सगळी खडी उखडली. मग स्वराज्य आलं, रस्ता रुंद झाला, त्याला राज्य महामार्ग असं नाव मिळालं. "नाव बघ केवढं," आजोबा शुभाला म्हणायचे, "आणि समोरासमोर दोन एस्ट्या आल्या तर एकीला अजून शेतात उतरावं लागतं!"

शुभाचं मराठी तेव्हा अर्धं बंगाली होतं. ती विचारायची, "आजोबा, तुमची रस्ता एवढी वाकडी का आहे?"

"वाकडी नाही गं. भल्या माणसांनी भरलेली आहे."

प्रत्येक वळणाचं कारण ते सांगायचे. एका सोडून. सतराव्या मैलाला रस्ता उजवीकडे थोडा सरकतो आणि परत जागेवर येतो. तो का, असं शुभाने विचारलं की म्हणायचे, "तो असाच आहे." आणि दर वेळी सतरावा मैल आला की आजोबा चपला काढून टाकीपाशी ठेवायचे आणि अनवाणी चालायचे. चैत्रातल्या तापल्या गच्चीवरसुद्धा. वहिनी म्हणायच्या, "तिथे देऊळ असेल." आजोबा हो म्हणायचे नाहीत, नाही म्हणायचे नाहीत.

आता माझं. आजोबांचा रस्ता सुरू झाल्याच्या आठव्या दिवशी मी भांडी घासत होते आणि वरून आवाज आला, "चिंचोली झाली, पीराचा ओढा तीन दिवसांवर." मी परात तशीच ठेवून जिन्यापाशी गेले. कारण ती नावं मी ऐकलेली होती. त्याच रस्त्यावर मी खडी फोडली होती.

दुष्काळात सरकारने रस्त्याचं काम काढलं होतं. आम्ही दोघं दोन दिवस चालून तिथे गेलो, पाठीवर लेक. आठ महिन्यांची होती. बाळी म्हणायचो, नाव ठेवायचं राहिलं होतं. बाप्ये खाणीतून दगड आणायचे, बायका बसून फोडायच्या. पाणी दिवसातून एकदा यायचं, बैलगाडीतून. बाळीला आधी जुलाब झाले. मी तिला खडीच्या ढिगाच्या सावलीला ठेवायचे. एका दुपारी मी वळून बघितलं तर ती गेली होती. रस्त्याच्या डाव्या हाताला, जरा आत, यांनी खड्डा केला. मी वर फोडलेली खडी गोल मांडली. दुसऱ्या सकाळी आम्ही कामावर होतो, नाहीतर हजेरी गेली असती. पण जागा विसरायची नाही म्हणून मी दगड बघून ठेवला. मला वाचता येत नव्हतं. मोठ्या दगडावर आधी पळीसारखं काहीतरी होतं, मग विळ्यासारखं. त्याच्यापुढे तीन छोटे दगड. ती पळी आणि विळा मी वीस-पंचवीस वर्षं डोळ्यांपुढे धरून ठेवला.

आजोबा कलकत्त्याला यायच्या तीन वर्षं आधी माझा भाऊ गेला, म्हणून मी एकदाच गावी गेले होते. तेव्हा एस्टीत बसून त्या रस्त्याला गेले. कंडक्टरला म्हटलं, दगड बघत जाऊ द्या. पळी आणि विळा दिसला तिथे उतरले. पुढे तीन छोटे दगड मोजले. पण तिथे काहीच ओळखीचं नव्हतं. तिथे खाण नव्हती, टेकडी नव्हती. रस्ता रुंद झालेला, डाव्या हाताला डांबर पार पुढे आलेलं. मी म्हटलं, म्हणजे बाळी डांबराखाली गेली. मी एका बाभळीच्या बुडाशी पाणी ओतलं आणि बसले. समोरून उसाच्या गाड्या जात होत्या, ट्रक जात होते. मी प्रत्येक चाकाकडे बघत होते.

तेव्हापासून कलकत्त्यात कुठेही रस्त्यावर पाय टाकला की मला तेच वाटायचं. आणि आता ज्याला सगळं ठाऊक आहे तो माणूस माझ्याच हातची भाकरी खात होता. तुम्ही म्हणाल, मग विचारलं का नाही? नाही विचारलं. दोन वर्षं नाही विचारलं. विचारलं नाही तोवर निदान अर्धं तरी खोटं असू शकतं. त्यांनी एकदा सांगितलं असतं की डांबराखाली गेली, तर मग झालंच. आजोबांचं चुकत नाही, हीच तर भीती होती.

तोवर आजोबांच्या गंगेच्या सात-आठ खेपा झाल्या होत्या. शेहेचाळिसावा मैल संपला की साहेबांना रजा काढायला लावून ते बागबाजारच्या घाटावर जायचे. रस्ता गंगेला संपतो आणि इथेही गंगाच आहे, मग पाय धुवायला नकोत? गुडघाभर पाण्यात उभं राहून पाय धुवायचे, एक आंघोळ करायचे आणि दुसऱ्या दिवशी गच्चीवर परतीची वाट धरायचे. तिथेच एका बंगाली बाबूने त्यांना सांगितलं की पूर्वी मराठ्यांच्या भीतीने इथल्या लोकांनी इथून मोठा खंदक खणला होता, पण मराठे इथवर कधी आलेच नाहीत, मग तो बुजवून त्यावर रस्ता केला. बाबूला वाटलं असेल म्हाताऱ्याला वाईट वाटेल. आजोबांनी विचारलं, "कितना मील?" आणि घरी आल्यावर दोन दिवस खुशीत. म्हणाले, "आपल्या धाकाने का होईना, रस्ता झाला की नाही?"

कलकत्त्याचे रस्ते मात्र त्यांना बघवायचे नाहीत. एवढं मोठं शहर आणि कुठे उतारच नाही, पाण्याने जायचं कुठे? पाऊस पडला की सगळे घरात, आणि आजोबा छत्री घेऊन गल्लीत, पाणी कुठे साचतं ते बघत. एकदा गल्लीतला खड्डा बुजवायला माणसं आली. आजोबा त्यांच्यात जाऊन उकिडवे बसले, त्यांची भाषा यांना येत नाही, यांची भाषा त्यांना येत नाही. पण हाताने दाखवून दाखवून आधी मोठे दगड, मग बारीक, मग पाणी, मग वरून धुम्मसाचे ठोके. त्यांच्यासाठी मला चार वेळा चहा करायला लावला. सगळी गल्ली पुढे पावसात बुडाली, तो खड्डा काही परत पडला नाही. माणसं तो खड्डा दाखवायची येणाऱ्या-जाणाऱ्याला, 'दादूर गोर्तो', म्हणजे आजोबांचा खड्डा.

आणि बांगलादेशाच्या लढाईच्या साली जेसोर रोडवरून माणसं आली, लाखांनी, डोक्यावर बोचकी, कडेवर पोरं, तेव्हा आजोबा रोज रस्त्याच्या कडेला पाण्याची बादली आणि पेला घेऊन उभे राहायचे. सोबत मी. एक दिवस एवढंच म्हणाले, "रस्ता करताना आम्ही गाड्यांचा विचार करतो. चालतात ती माणसंच." मला त्या दिवशी विचारावंसं वाटलं होतं. नाही विचारलं.

एकाच गोष्टीवरून ते पोटच्या पोराशी भांडायचे, ती म्हणजे किलोमीटर. साहेब समजवायचे, "दादा, सगळं जग किलोमीटरमध्ये मोजतं." आजोबा म्हणायचे, "जगाने माझा रस्ता मोजलाय का? मोजला असेल तर बोल." किलोमीटर हा शब्दसुद्धा त्यांनी कधी तोंडातून काढला नाही. 'ते नवीन' म्हणायचे.

तर मग ती बहात्तरची गोष्ट. गावाहून माझ्या भाच्याचं कार्ड आलं, शुभा वाचून दाखवत होती. अक्षर लावत लावत. "मावशीस साष्टांग नमस्कार. इकडे पाऊस नाही. बायका रस्त्यावर खडी फोडीत आहेत." शुभाने विचारलं, "कोंडामावशी, बायका दगड फोडतात? हाताने?"

मी म्हटलं, "मीपण फोडले."

आजोबा खाटेवर बसले होते. त्यांनी मान वळवली. "कुठल्या रस्त्यावर?"

आता लपवायला काही उरलं नव्हतं. मी म्हटलं, "तुमच्याच."

आजोबा म्हणाले, "बाई, दोन वर्षं तू माझ्या रस्त्याचं ऐकतेस आणि बोलली नाहीस?"

मग मी विचारलं. पोळपाट तसाच होता समोर. "आजोबा, रस्ता रुंद करताना कडेला पुरलेलं खणून काढतात, की तसंच वरून डांबर घालतात?"

त्यांनी विचारलं नाही, काय पुरलेलं. म्हणाले, "कितव्या मैलाला?"

मी पिठात बोटाने काढून दाखवलं. पळी. मग विळा. "आणि पुढे तीन छोटे दगड. मी जाऊन आले तिथे. सगळं डांबराखाली गेलंय."

"कधी गेली होतीस?"

मी सांगितलं.

"कसं दिसत होतं? टेकडी होती?"

"नव्हती. ओढा होता. बाभळी होत्या. एक चहाची टपरी."

आजोबा खाटेवरून उठले. मी त्यांना घाईने उठताना कधी पाहिलं नव्हतं. माझ्यापुढे पिठापाशी येऊन बसले. "अगं वेडे, तो पीराचा ओढा. अकराव्या मैलाच्या अलीकडे. तुला दिसला तो सतरा त्या नवीनचा सतरा! दगड बदलले. आकडा तोच, जागा सहा-साडेसहा मैल अलीकडे. तू ज्या बाभळीला पाणी घालून आलीस, तिथे कुणाचं कुणी नाही."

मी म्हटलं, "मग माझी बाळी?"

आजोबांनी पिठातल्या विळ्यापुढे तीन टिंबं काढली. "सतरावा मैल, तिसरा फर्लांग, डावा हात. तिथे डांबर गेलेलं नाही. मी जाऊ दिलं नाही."

मग त्यांनी ते वळण सांगितलं. रस्ता रुंद करायचं काम आलं, तेव्हा त्या मैलाचा म्हातारा मैलकुली कुदळीपुढे येऊन उभा राहिला. म्हणाला, मिस्त्री, इथे कुदळ मारू नका, दुष्काळातल्या बायांची लेकरं आहेत. गवत बाजूला केलं तर खडीची गोल गोल रिंगणं. आजोबांनी मोजली. नऊ. मग त्यांनी रस्ता उजवीकडून रुंद केला. वरून विचारणा झाली, रेघ का सोडली? आजोबांनी कागदावर लिहिलं, डाव्या बाजूला कठीण खडक लागला. "चौतीस वर्षांत तेवढं एकच खोटं लिहिलं," ते म्हणाले. "खडक कुठला तिथे? मऊ काळी माती आहे. बोटाने उकरावी अशी." पाऊस पडल्यावर त्यांनी आणि त्या म्हाताऱ्याने तिथे नऊ करंज लावले.

"त्यातली माझी कुठली?" मी विचारलं.

सगळं ठाऊक असलेला माणूस, पण म्हणाले, "ते मला माहीत नाही गं, बाई."

त्यांनी एखादी दाखवली असती तरी मी मानलं असतं. नाही दाखवली. म्हणूनच बाकीचं मी खरं धरलं.

दुसऱ्या दिवशी आजोबांचा खरं तर सव्विसावा मैल होता. त्यांनी तो सोडला. पहाटेच मला म्हणाले, "चल." आम्ही दोघं गच्चीवर गेलो. त्यांनी चपला काढल्या, मी तर अनवाणीच असायचे. पाच चिंचोके मला दिले, पाच त्यांनी ठेवले. आम्ही चालत होतो आणि ते हळू आवाजात सांगत होते. ही खाण. हा तुमचा तंबू असेल इथे. ही पाण्याची गाडी थांबायची ती जागा. तीन फर्लांग, म्हणजे तीस फेऱ्या. एकेक करून बाकीची माणसं वर आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली, ती कोण ते मी पहिल्यांदाच सांगितलं. माशीमांना काय चाललंय ते वहिनींनी कानात सांगितलं. त्यांनी डोक्यावर पदर घेतला.

तिसाव्या फेरीला आजोबा थांबले. टाकीच्या डाव्या अंगाला बोट दाखवून म्हणाले, "इथे." मी तांब्याभर पाणी ओतलं. पाणी गच्चीवरून सरकत सरकत गेलं आणि पन्हळीतून खाली पडलं. मी म्हटलं, "उतार आहे की, आजोबा." ते म्हणाले, "मीच करून घेतला मागच्या पावसाळ्यात."

मग मी म्हटलं, "पण आता तिथे मैलाचा दगड नाही. परत गेले तर मला सापडायचं कसं?"

त्यांनी शुभाकडून खडू घेतला, शून्याच्या दगडापाशी बसले, बराच वेळ गुणाकार केला, पुसला, परत केला. साहेब जवळ जाऊन वाकून बघत होते, पण त्यांनी मदत केली नाही. आजोबा उठले, माझ्याकडे बघून म्हणाले, "अठ्ठावीस किलोमीटर. दगडाच्या अलीकडे पन्नास पावलं." आणि साहेबांकडे न बघता चपला घालून खाली गेले. जन्मात तो शब्द त्यांनी तेवढा एकदाच उच्चारला.

थंडीत मला घेऊन जायचं त्यांनी कबूल केलं होतं. थंडीच्या आधीच ते गेले. त्या दिवशी एकतिसाव्या मैलाला होते, पुलाच्या अलीकडे. दिवसकार्य झाल्यावर साहेब एका सकाळी वर गेले, कोटाच्या खिशात चिंचोके घेऊन. उरलेले पंधरा मैल त्यांनी पंधरा दिवसांत चालून पुरे केले, रोज ऑफिसच्या आधी, आणि मग बागबाजारला जाऊन पाय धुतले. माशीमांनी ते पंधरा दिवस बोडी घातल्या नाहीत.

पुढे साहेबांची बदली झाली. दगड गच्चीवरच राहिला, माशीमांनी तो तुळशीपाशी ठेवून घेतला होता. मी इथेच राहिले, दुसऱ्या घरांत स्वयंपाक करत. माझं तिकडे जायचं दर वर्षी राहत गेलं, आणि आता गुडघे जिनासुद्धा चढू देत नाहीत. शुभा परत इथे नोकरीला आली, तीच हे लिहून घेते आहे. तिचं मराठी आता चांगलं आहे.

तर वाचणाऱ्याला माझं एवढंच सांगणं आहे. कधी हिंगणवाडीहून गंगेकडे जाणं झालं तर अठ्ठावीसच्या दगडाच्या पन्नास पावलं अलीकडे डाव्या हाताला बघा. आता रस्ता केवढा झाला असेल मला माहीत नाही. पण करंज दिसले तर गाडी थांबवा, चपला काढल्या नाहीत तरी चालेल, आणि तांब्याभर पाणी घाला. कुठल्याही झाडाला घाला.